तीन महिन्यांची साखर

डॉक्टरबाईंनी रिपोर्टचा कागद उलगडला, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि म्हणाल्या, "आठ पॉइंट चार."

ताईला वाटलं, दुसऱ्याच कुणाचा तरी कागद वाचताहेत. तिने शेजारी बसलेल्या लेकीकडे पाहिलं. लेक तिच्याकडे बघत नव्हती. ती कागदाकडे बघत होती आणि तिच्या जबड्याचं हाड वर-खाली होत होतं. लहानपणापासून रडू आवरायचं असलं की तिचं असंच व्हायचं.

"मागच्या वेळी सात होता ना?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "सकाळची साखर एकशे दहा, रात्री जेवणानंतरची दीडशेच्या आत. ती तर छान आहे. मग ही तीन महिन्यांची एवढी कशी? मध्ये कुठेतरी काहीतरी पोटात जातंय हो. दुपारी काय खाता?"

"डबा."

"डब्याखेरीज?"

"काही नाही."

डॉक्टरबाई हसल्या. वाईट हसू नव्हतं ते. पण दिवसातून दहा वेळा हेच उत्तर ऐकणाऱ्या माणसाचं हसू होतं. "बोटातून काढलेली साखर त्या वेळेपुरतं सांगते," त्या म्हणाल्या. "आदल्या दिवशी जपून राहिलं की ती गुणी बाळासारखी वागते. ही तपासणी मात्र गेल्या तीन महिन्यांचं सगळं ओकून टाकते. हिच्यापुढे लपवाछपवी चालत नाही."

त्यांनी एक गोळी वाढवली आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. बाहेर जावई दोघींच्या चपला शोधून एकत्र ठेवून उभा होता. त्याने बायकोचं तोंड पाहिलं आणि काही न विचारता गाडी काढायला गेला.

ताई पडदे शिवायची. मोठ्या रस्त्यावरच्या पडद्यांच्या दुकानात मागच्या बाजूला तिचं मशीन होतं, आणि दुकानात मालकिणीपासून फिटरपर्यंत सगळे तिला ताई म्हणायचे. चुण्या घालाव्यात तर तिनेच. पडदा लावल्यावर गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरून बघायचं आणि एकदाही कापड ओढून नीट करायचं नाही, यातच तिचा मान होता. नवरा गेल्यावर ती लेकीकडे राहायला आली होती. तिसरा मजला, लिफ्ट नाही, खाली बेकरी, आणि तिच्या वाट्याच्या खोलीला रस्त्याकडची खिडकी. तक्रारीला जागा नव्हती. पन्नाशी नुकतीच उलटलेली, अंगात कामाची हौस, आणि साखर सोडली तर बाकी सगळं ठीक. निदान ती तसं म्हणायची.

घरी आल्यावर लेकीने पर्स टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून आईच्या समोर बसली.

"आई, खरं सांग. मी ओरडणार नाही."

"अगं, खरंच सांगतेय. तू देतेस त्यापलीकडे कणही खाल्ला नाही."

"मग आठ पॉइंट चार कुठून आलं?"

"मला काय माहीत? यंत्र चुकलं असेल."

हे बोलायला नको होतं. लेक रंगाच्या कारखान्यात तपासनीस होती. डब्यातला रंग ठरलेल्या छटेचा आहे की नाही, ते यंत्राखाली धरून बघायचं आणि आकडा हललेला असला की अख्खी खेप परत पाठवायची, हे तिचं काम. डोळ्याला दोन्ही रंग सारखे दिसले तरी आकडा म्हणजे आकडा, यावर तिचा पगारच चालत होता.

"बाबाही असंच म्हणायचे," ती म्हणाली.

नवऱ्याने खरोखरच असंच म्हटलं होतं, वर्षानुवर्षं. तो सिनेमाच्या थिएटरात मशीन चालवायचा. रिळांच्या रिकाम्या डब्यात तो टॉफ्या ठेवायचा. घरी ग्लुकोमीटर आला तेव्हा त्याने त्यावरही तोडगा काढला. दुपारची साखर थिएटरातच मोजायची म्हणून मीटर घेऊन जायचा आणि तिकीट फाडणाऱ्या मित्राच्या बोटाला सुई टोचायचा. मीटरमध्ये एकापेक्षा एक सुंदर आकडे. पुढे किडन्या गेल्या. डायलिसिसच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसून लेकीने बारावीचा अभ्यास केला. बाप हसून सांगायचा, "मी काही खाल्लं नव्हतं गं," आणि मशीनमधून त्याचं रक्त गोल गोल फिरत असायचं. तो गेला तेव्हा त्याच्या कोटाच्या अस्तरात लेकीला टॉफीचे कागद सापडले होते. ते अस्तर ताईनेच शिवलं होतं.

"मी तुझे बाबा नाही," ताई म्हणाली.

"ते मला कळतंय. पण मला दुसऱ्यांदा तेच बघायचं नाहीये, एवढंच."

"बरं, मग दुकानात मीटर देऊन ठेव. दुपारी मोजत जाईन."

लेक नुसती बघत राहिली. थिएटरातल्या मीटरची आठवण दोघींना एकदमच झाली होती.

दुसऱ्या दिवसापासून घराचं रूप पालटलं. जॅमची बाटली, बिस्किटं, साखरेचा डबा, सगळं एका कपाटात गेलं आणि कपाटाला छोटं कुलूप आलं. डब्यात किती काय जातं ते वजनाच्या काट्यावर ठरायला लागलं. लेकीने मालकिणीला फोन करून सांगितलं की दुकानात कुणाचा वाढदिवस असला तर आईला केक द्यायचा नाही. मालकिणीने ते सगळ्यांना सांगितलं, काळजीने. त्यामुळे कुणी डबा उघडला की आधी ताईकडे पाठ करायचं. फिटर तर एकदा चहात साखर ढवळता ढवळता "सॉरी हं ताई" म्हणाला.

जावई बिचारा मधल्यामध्ये सापडला होता. तो गाडी शिकवायचा. "तुम्ही दोघी बोलायला लागलात ना आई," तो म्हणाला, "की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो." ताई हसली. त्याच्याशी बोलताना तिला बरं वाटायचं. पण कुलपाची किल्ली कुठे ठेवली आहे ते त्यानेही कधी सांगितलं नाही.

ताईने मनाशी ठरवलं, ठीक आहे. तीनच महिने. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत राहीन, एक दाणा इकडचा तिकडे होऊ देणार नाही, आणि मग आकडाच माझ्या बाजूने बोलेल. ते तीन महिने तिने एखाद्या व्रतासारखे काढले. भूक लागली तरी पाणी प्यायली. मालकिणीच्या नातवाचं बारसं झालं तेव्हा ती मुद्दाम मशीनवरून उठली नाही. मधूनमधून तिला फार थकवा यायचा. जिने चढताना दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभं राहावं लागायचं, कानात धडधड ऐकू यायची. महिन्याचं तिचं वेळापत्रकही बिघडलं होतं. पाळी येईल तेव्हा येई आणि आली की जाता जात नसे, अंगातलं सगळं रक्त घेऊनच जाणार असं वाटायचं. या वयात होतंच असं, तिने स्वतःला सांगितलं. तिच्या आईचंही झालं होतं. दवाखान्यात बोलायचं तर तिथे जावईही येऊन बसायचा आणि सगळी चर्चा तीन मिनिटांत एका आकड्यावर संपायची. त्यात हे कुठे काढणार?

पुढचा रिपोर्ट आला. आठ पॉइंट नऊ.

या वेळी डॉक्टरबाई हसल्यासुद्धा नाहीत. "तुम्हाला डोळे, किडन्या हव्या आहेत ना?" त्यांनी विचारलं. ताईने मान हलवली. तीन महिन्यांपूर्वी ती भांडली असती. आता तिला क्षणभर खरंच वाटून गेलं, की आपण खातो की काय? झोपेत उठून? कुलूपबंद कपाटातून? एक जास्त ताकदीची गोळी सुरू झाली, सकाळ-संध्याकाळ.

त्यानंतर काही दिवसांनी ती आणि फिटर एका नव्या घरात पडदे लावायला गेले होते. मोठा हॉल, भिंतभर खिडकी. फिटर वर घोडीवर चढून दांडी बसवत होता आणि ताई खालून कापड हातावर पेलून कड्या अडकवत होती. एकाएकी तिचे हात थरथरायला लागले. आधी बोटं, मग कोपरापर्यंत. मानेवरून घामाची धार लागली. खिडकीतला उजेड पांढराफटक झाला आणि तिला वाटलं, हे कापड कुणीतरी धरा, चुरगळेल.

"ताई! अहो ताई!" फिटर उडी मारून खाली आला. तिला भिंतीला टेकवून बसवलं. त्याच्या बापाला साखरेचा त्रास होता, हे असं तो घरी बघत आला होता. त्याने खिशातली टॉफी काढून सोलली आणि तिच्या तोंडाशी धरली.

"नको," ती म्हणाली. "मला चालत नाही."

"उतरलीय तुमची साखर. चघळा गुपचूप."

तिने चघळली. गोडी जिभेवरून घशात गेली आणि थोड्या वेळात खिडकी पुन्हा खिडकीसारखी दिसायला लागली. तिला रडू फुटलं. फिटरला वाटलं भीतीने रडतेय. खरं तर तिला त्या टॉफीची चव इतकी आवडली होती की तिची तिलाच लाज वाटली.

त्या आठवड्यात असं पुन्हा झालं, आणि नंतरही. वजन करून भरलेला डबा आणि वाढलेली गोळी यांच्या मध्ये दुपार अशी काही खोल जायची की पाय टेकत नसत. फिटरने तिला मूठभर टॉफ्या देऊन ठेवल्या. त्या तिने पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवल्या, टेपच्या गुंडाळीखाली. लेकीला सांगावं असं रोज मनात यायचं. पण सांगणार काय? की मी टॉफ्या खाते, पण चोरून नाही, जीव वाचवायला? शब्द जुळवून ठेवले की ते तिला नवऱ्याच्या तोंडचे वाटायचे.

लेकीला टॉफीचे कागद सापडले. पर्समध्ये छत्री ठेवायला गेली आणि कप्प्याची चेन उघडी होती.

ती ओरडली नाही. तिने ते कागद टेबलावर ओळीने मांडले, हाताने सपाट करून. जावयाने जेवणाचं ताट उचललं आणि आत गेला.

"साखर उतरते गं माझी," ताई म्हणाली. "चक्कर येते. फिटरला विचार हवं तर. त्यानेच दिल्या."

"आठ पॉइंट नऊ असताना साखर उतरते?"

"उतरते. घाम येतो, हात थरथरतात."

"आई," लेक म्हणाली, अगदी मऊ आवाजात. "बाबांच्या वेळी तूच मला सांगायचीस ना, की या माणसावर रागवायचं नाही, हा आजारच खोटं बोलायला लावतो? मी रागावत नाहीये. पण तू आता दुकानात जायचं नाहीस. काही दिवस. मी बोलते मालकिणीशी."

ताईने फार काही केलं नाही. एकदा म्हणाली, "अगं, माझं काम आहे ते." मग उठून खोलीत गेली. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. मऊ आवाजाशी कसं भांडायचं ते तिला माहीत नव्हतं.

आता ती दिवसभर घरी. दाराला बाहेरून कुलूप नव्हतं, असं काही कुणी म्हणू नये. पण लेक अकराच्या सुमाराला कारखान्यातून व्हिडिओ कॉल करायची, जेवणाच्या वेळी करायची, आणि दुपारी चहाच्या सुट्टीत करायची. "काय करतेयस आई? दाखव की काय जेवलीस?" ताई फोन ताटावर धरायची. मग फोनमधून लेकीची नजर तिच्या मागे भिंतीवरून, ओट्यावरून, कपाटावरून फिरल्यासारखी वाटायची. शिवणाचं मशीन दुकानात होतं. हाताला काम नाही. खिडकीशी बसून ती समोरच्या इमारतीचे पडदे बघायची आणि कुणी चुण्या कशा वाईट घातल्यात ते मनात बोलायची. खालून बेकरीचा वास जिन्याने चढून वर यायचा. सकाळी पावाचा, दुपारी केकचा.

एके दुपारी हात थरथरायला लागले. कपाटाला कुलूप. घरात गोड असं काही नाही. ती कठड्याला धरून तीन जिने उतरली आणि बेकरीत जे पहिलं दिसलं त्याच्याकडे बोट दाखवलं. क्रीमरोल. जिन्याखाली, विजेच्या मीटरच्या पेट्यांजवळ उभं राहून तिने तो खाल्ला. थरथर थांबली. उरलेला अर्धा टाकून देता आला असता.

तिने तो खाल्ला. सावकाश, डोळे मिटून, बोटाला लागलेलं क्रीमसुद्धा.

दुसऱ्या दिवशी हात थरथरायच्या आधीच ती खाली उतरली. त्याच्या पुढच्या दिवशी हात थरथरणारच नव्हते, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी उतरली. सहा महिने न केलेल्या चोरीची शिक्षा भोगतेय, तर चोरी तरी पदरात पडू दे, असं ती जिना उतरताना पुटपुटली. कधी क्रीमरोल, कधी जॅम भरलेला बन, एकदा केकचा अख्खा चौकोन. चहाच्या सुट्टीतला कॉल येईपर्यंत तोंड धुऊन खिडकीशी. त्या दिवसांत तिला जितकं मोकळं वाटलं तितकं वर्षभरात वाटलं नव्हतं. रात्रीचा मीटरचा आकडा वर सरकला तेव्हा लेकच म्हणाली, "घरात बसून हालचाल कमी झालीय ना तुझी." आईला काम सोडवून घरी बसवल्याचं तिच्या मनाला खात होतं. ताई हो म्हणाली. ते तिचं पहिलं खोटं.

असे दोनेक आठवडे गेले असतील, जास्तच. मग लेक-जावयाबरोबर तपासणीला जाताना दवाखान्याच्या जिन्यात ताई खाली बसली. चक्कर नव्हे, दमच पुरेना. जावयाने हाताला धरून वर नेलं. डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि या वेळी कागदाकडे हात न नेता उठून आल्या. खालची पापणी ओढून पाहिली. नखं उजेडात धरली.

"किती पांढऱ्या पडलात तुम्ही? पाळी चालू आहे अजून?"

ताईने जावयाकडे पाहिलं. तो एकदम गाडीला सावलीत लावायची आठवण होऊन बाहेर गेला. मग तिने सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंनी दाराबाहेरच्या खोलीत लगेच रक्त काढायला लावलं. रिपोर्ट येईपर्यंत बसवून ठेवलं. हिमोग्लोबिन सात.

डॉक्टरबाईंनी तो आकडा पुन्हा वाचला. पेनाचं टोपण काढलं, लावलं. मग म्हणाल्या, "माझं चुकलं. हे मी आधीच बघायला हवं होतं."

त्यांनी समजावून सांगितलं. ती तीन महिन्यांची तपासणी म्हणजे रक्तातल्या लाल रंगाला किती साखर चिकटली आहे ते मोजणं. लाल पेशी तीन-चार महिने जगतात, नव्या येत राहतात. पण अंगात लोह नसलं की नव्या पेशी कमी तयार होतात, जुन्याच फिरत राहतात आणि त्यांच्यावर साखर साठत जाते. "म्हणजे साखर जास्त नसतानाही आकडा फुगतो. कदाचित यांची साखर आटोक्यातच होती आणि मी गोळ्या वाढवत गेले. त्या चक्करा खऱ्या असणार."

लेकीने तोंडावर हात धरला.

"आता याचा निकाल लावू," डॉक्टरबाई उत्साहाने म्हणाल्या. "फ्रुक्टोसामीन म्हणून दुसरी तपासणी असते. त्यात लाल पेशींचा संबंधच नाही. रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर बघतात. रक्त कमी असलं तरी ती सहसा फसत नाही. फक्त ती गेल्या दोन-तीन आठवड्यांचंच सांगते."

ताईने मनात मागे मोजलं. क्रीमरोल, बन, केक, क्रीमरोल.

"नंतर करू या का?" ती म्हणाली. "आत्ताच एवढं रक्त काढलंय."

"आई, एवढंसं तर लागतं!" लेक म्हणाली. "आजच होऊन जाऊ दे." तिने आईची बाही स्वतः वर केली. सुई शिरताना ताईने नळीत चढणारं रक्त पाहिलं. तेच रक्त, ज्याने सहा महिने तिच्याविरुद्ध खोटी साक्ष दिली होती. आता ते खरं बोलणार होतं.

परत येताना लेक मागच्या सीटवर आईशेजारी बसली आणि रडली. "तू सांगत होतीस आणि मी... कुलूप लावलं गं मी. तुला कामावरून काढलं. मला माफ कर." जावईही पुढे आरशात न बघता नाक पुसत होता. ताईच्या खांद्यावर लेकीचं डोकं होतं. अशी लेक तिच्या कुशीत बाप गेल्यापासून आली नव्हती. आत्ता सांग, ताई स्वतःला म्हणत होती. हा सिग्नल सुटायच्या आत सांग. पुढच्या वळणावर सांग. गाडी घराखाली, बेकरीसमोर थांबली तेव्हा ती लेकीच्या केसांतून हात फिरवत होती आणि म्हणत होती, "जाऊ दे गं. तू काळजीपोटीच केलंस."

लेकीने घरात शिरताच कपाटाचं कुलूप काढलं आणि किल्लीसकट कचऱ्यात टाकलं. मालकिणीला फोन केला, "आईची काही चूक नव्हती हो, बरी झाली की पाठवते मशीनवर." ते शब्द ऐकण्यासाठी ताईने काय नसतं दिलं! आता ती न्हाणीघरात नळ सोडून उभी होती.

रिपोर्ट लेकीच्या फोनवर आला, दुसऱ्या दिवशी, ती चहा गाळत असताना. तिने तो वाचला. गाळणं हातातच राहिलं.

"हाही जास्त आहे," ती म्हणाली. "बराच जास्त."

"ऐक," ताई म्हणाली. "मी खाल्लंय. गेले अडीच-तीन आठवडे, खालच्या बेकरीतून. पहिल्यांदा हात थरथरले म्हणून, आणि नंतर... नंतर रागाने. मजेने. पण त्याआधी नाही. त्याआधी मी काही काही खाल्लं नव्हतं, तुझ्या गळ्याशपथ."

लेक तिच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हिशेब जुळवताना असतं तसं काहीतरी होतं.

"म्हणजे, ही तपासणी ज्या तीन आठवड्यांचं सांगते," ती सावकाश म्हणाली, "बरोबर तेवढेच तीन आठवडे."

"हो."

"आणि काल गाडीत तू हे बोलली नाहीस."

"नाही बोलले."

"आई, मी काल तुझी माफी मागितली." एवढंच म्हणून लेकीने गाळणं बेसिनमध्ये ठेवलं आणि कारखान्यात गेली. सबंध दिवसात तिचा एकही कॉल आला नाही. ताई खिडकीशी बसून फोनची वाट बघत राहिली. पूर्वी तो वाजला की तिच्या कपाळावर आठी यायची.

डॉक्टरबाईंना मात्र यात काही गूढ वाटलं नाही. त्या म्हणाल्या, दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. मागचं आता शोधून काढता येणार नाही, ते रक्त अंगातून निघून गेलं. त्यांनी ती जास्त ताकदीची गोळी बंद केली, लोह सुरू केलं, पाळीसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे गर्भाशयात गाठ निघाली, तिचं छोटं ऑपरेशन झालं. लेकीने रजा काढून सगळं केलं. पथ्यपाणी, औषधं, उशी, कशात कसर ठेवली नाही. ताई पुन्हा दुकानात जाऊ लागली. तिसरा मजला एका दमात चढू लागली. बेकरीपुढून जाताना तिला काही वाटेनासं झालं. घरात कपाटाला कुलूप नव्हतं, आणि लेकही काही विचारत नव्हती. फक्त ताई बाहेरून आली की लेक तिच्या हातातली पर्स घ्यायची, "दे, दमली असशील," आणि पर्स खाली ठेवताना तिचा हात क्षणभर त्यावरच राहायचा.

हिमोग्लोबिन भरून आलं आणि काही महिने तसंच टिकलं, तेव्हा पुन्हा ती तीन महिन्यांची साखर तपासली. सहा पॉइंट सात.

"बघा!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "लोह भरलं आणि आकडा जागेवर आला. मला वाटलंच होतं. पूर्वीचा तो आठचा आकडा बहुतेक फसवाच होता."

ताईला एकदम श्वास घेता आला. तिने लेकीकडे पाहिलं. लेकीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती खरीखुरी हसत होती.

"मला किती बरं वाटतंय काय सांगू," लेक म्हणाली. "बघितलंस ना आई, बाहेरचं खाणं सोडल्यावर कसा झपकन उतरला आकडा?"

"अहो, तसं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "लोहामुळे..."

"हो हो, तेही आहेच. दोन्ही असेल, डॉक्टर. तुम्हीच म्हणाला होता."

डॉक्टरबाईंनी तोंड उघडलं, मग घड्याळ पाहिलं. बाहेर बाकावर सहा-सात जणं बसली होती.

जिना उतरून दोघी रस्त्यावर आल्या. जावई पलीकडे गाडी घेऊन उभा होता.

"अगं," ताई म्हणाली, "त्या आधीच्या महिन्यांत मी खरंच काही खाल्लं नव्हतं."

लेकीने तिचा दंड धरला. घट्ट, मायेने. "असू दे गं आई. मी कधीच मनातून काढून टाकलंय ते. तू बरी झालीस, मला एवढंच पुरे."

"अगं पण..."

"चल, आता गाड्या नाहीयेत," लेक म्हणाली, आणि तिला धरून रस्ता ओलांडायला लागली. ताई तिच्या पावलाला पाऊल मिळवत चालू लागली. पलीकडून जावई हात वर करून हसत होता. त्यालाही चांगली बातमी कळली असावी.